परिचारिकेचे समाधान आणि तिची तक्रार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असा कार्यवाह भगिनींचा आग्रह झाला, आणि विषयही त्यांनीच सुचवला : परिचारिकेला आपल्या व्यवसायात समाधान वाटते काय, आणि वाटत असल्यास ते कशामुळे? मी १९७६ पासून २०१० पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सहायक परिचारिका, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘नर्सबाई’, म्हणून नोकरी केली. मी रुजू झाले तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. माझे उत्तर मात्र दोन्ही आहे. ते तसे का, हे कळण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा हा आपल्याकडे बाईचा धर्म मानला गेला; पण परक्याची शुश्रूषा करणे मात्र हलके काम ठरले. बाळंतिणीचा विटाळ, जखमेची घाण, परपुरुषाचा स्पर्श, रात्रपाळी या सगळ्यांमुळे प्रतिष्ठित घरातील मुलगी या वाटेला जात नसे. सुईण तर बाळबाळंतिणीचा जीव वाचवूनही गावकुसाबाहेरचीच राहिली. १८८५ साली लेडी डफरिन फंड स्थापन झाला आणि स्त्रियांसाठी वेगळी रुग्णालये निघू लागली. नागपूरचे डफरिन रुग्णालय हे त्यांपैकीच. पण रुग्णालये निघाली तरी शिकायला मुली कोठून आणावयाच्या? सुरुवातीला आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती मुली. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांचे सेवासदन सुरू झाले. त्या संस्थेने परिचर्येचे शिक्षण मुलींना मिळवून देण्याचे काम हाती घेतले, आणि ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवले होते अशा विधवा भगिनींना हा एक सन्मानाचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या विदर्भाला या बाबतीत अभिमान वाटावा असे एक नाव आहे. ते म्हणजे कमलाताई होस्पेट. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या सोबतीने नागपुरात एक लहानसे प्रसूतिगृह काढले. तीच पुढे नावारूपाला आलेली मातृसेवा संघ ही संस्था. १९६१ साली सरकारने कमलाताईंना पद्मश्री देऊन गौरवले. त्या काळी परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी राहणारी बाई अशी समजूत होती. अशा वेळी दोन परिचारिकांनी आपल्या हिमतीवर संस्था उभी केली. कोणती बाळंतीण घ्यायची, पैसा कोठून आणायचा, हाताखालच्या मुलींना काय शिकवायचे, हे त्यांचे त्यांनीच ठरवले. आपले हात जे जाणतात ते करण्याची मुभा असणे, हे परिचारिकेच्या समाधानाचे पहिले मूळ आहे असे मला वाटते. कमलाताईंनी ती मुभा कोणाकडे मागितली नाही, स्वतःच निर्माण केली.

याच काळात ‘सेवा’ हा शब्द या व्यवसायाला चिकटला. त्याने मोठे काम केले यात शंका नाही. ‘नर्स’ म्हटल्यावर नाक मुरडणारा समाज ‘सेविका’ म्हटल्यावर नमस्कार करू लागला. पण त्याच शब्दाने एक नुकसानही केले. सेवेचे मोल करावयाचे नसते, असे आपण म्हणतो. आणि मग सेविकेला मोल दिलेही जात नाही. तिने पगाराचे नाव काढले की तिची सेवावृत्ती कमी झाली असे लोकांना वाटू लागते. हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. मुली या व्यवसायात का येत नाहीत याचाही विचार समितीने केला, आणि त्यांच्या राहण्याच्या व काम करण्याच्या वाईट परिस्थितीकडे बोट दाखवले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ साली शेट्टी समितीने परिचारिकांच्या नोकरीच्या अटींचा विचार केला. खेड्यांसाठी दोन वर्षांत तयार होणारी सहायक परिचारिका ही नवी श्रेणीही याच सुमारास निघाली. मी त्याच श्रेणीतली. आमच्या मागून येणाऱ्या मुलींचा अभ्यासक्रम १९७७ पासून दीड वर्षाचा झाला. शिक्षण कमी झाले आणि कामे मात्र वाढली, याचा त्रास त्या मुलींना पुढे फार झाला.

आता या भागातले काम कसे, ते शहरातील भगिनींसाठी सांगते. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. कागदावर हा आकडा सोपा दिसतो. पण भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूला हे ३,००० लोक पाच-पंचवीस घरांच्या पाड्यांत विखुरलेले असतात; मध्ये जंगल, नाले आणि पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या नद्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. भाषा पाहावी तर एका पाड्यात माडिया, दुसऱ्यात गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू. पुस्तकी मराठीत ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटले तर बाळंतीण नुसती तोंडाकडे पाहते. मी आधी माडियातले चार शब्द शिकले, आणि मग तेथील म्हाताऱ्या सुईणीने मला घरात घेतले.

एका बाळंतपणात मूल जन्मले ते रडेना. घरात चिमणीचा उजेड, बाहेर पाऊस, डॉक्टर दोन नाल्यांपलीकडे. शिकवले होते तसे मी बाळाचे तोंड साफ केले, त्याला कोरडे करून पाठ चोळली, तोंडाने हळू हळू श्वास दिला. बाळाने आवाज केला तेव्हा चिमणी धरून बसलेली सुईण काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या हातावर हात ठेवला. परिचारिकेचे समाधान ते हेच. हे पगारात मिळत नाही, आणि पगार कापला म्हणून कमीही होत नाही.

पण याच नोकरीत दुसराही अनुभव येई. मार्च महिना जवळ आला की कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे लक्ष्य पुरे करण्याचा तगादा सुरू होई. किती बाळंतपणे सुखरूप झाली, किती तापाच्या रुग्णांना वेळेवर गोळ्या मिळाल्या, हे बैठकीत कोणी विचारत नसे. ‘बाई, तुमच्या केसेस किती?’ एवढाच प्रश्न. ज्या घरात आपण मायेने गेलो त्याच घरात लक्ष्यासाठी जावे लागले की पाऊल जड होई, आणि लोकही दार लावून घेत. १९९६ साली ही लक्ष्याची पद्धत सरकारने रद्द केली. काम कमी झाले नाही, परंतु आमच्या मनावरचे एक मोठे ओझे उतरले.

एकच बाई समाधानीही असते आणि तक्रारही करते, हे लोकांना विसंगत वाटते. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. समाधान येते ते कामातून : काही साधल्याचा आनंद, जबाबदारी, कौतुक, नवे शिकणे. असमाधान येते ते कामाभोवतीच्या गोष्टींतून : पगार, वरिष्ठांची वागणूक, राहण्याची-वावरण्याची परिस्थिती. पहिले भरपूर असले म्हणून दुसरे नाहीसे होत नाही. हर्झबर्गने जंगलातील नर्सबाई पाहिली नव्हती. पण त्याचे हे म्हणणे माझ्या अनुभवाशी जुळते.

गडचिरोलीतच याचा एक पुरावा घडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोडेसे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, एवढेच नव्हे तर गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे या आरोग्यदूत करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने, नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. या बाया शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. पण त्यांना नीट शिकवले, हातात साधने दिली, त्यांच्या निदानावर विश्वास ठेवला आणि कोणीतरी नियमाने येऊन त्यांचे काम पाहिले. कमलाताईंनी जे स्वतः मिळवले होते, ते येथे गावच्या बाईला हाती दिले गेले, आणि त्याचे फळ बाळांच्या जिवात मोजता आले.

म्हणून समाधान कोठून येते, हे गूढ राहिलेले नाही. प्रश्न आहे तो तक्रारीचा. माझ्या एका मुक्कामी राहण्याच्या खोलीला आतून कडी नव्हती. कडी बसवून मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले. शेवटी गावच्या सुताराने ती फुकट बसवून दिली. रात्री-अपरात्री हाक आली की एकटीने जाणे, पाण्यासाठी नाल्यावर जाणे, मुलांना शिक्षणासाठी दूर नातेवाइकांकडे ठेवणे, हे माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणींच्या वाट्याला आले. नव्या मुलींपुढे आणखी एक काळजी आहे, ती कंत्राटाची. कामाचे ओझे कायम नोकरीइतकेच. पण पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याचा भरवसा नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा ‘सेवा करणाऱ्यांनी संप करावा काय?’ असे पुष्कळांनी विचारले. त्या रागाने बोलत नव्हत्या, नोकरीच्या स्थैर्याबद्दल बोलत होत्या; पण ऐकणाऱ्यांच्या कानात अजून १९२१ चा ‘सेवा’ हाच शब्द घुमत होता.

भगिनींनो, १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार-तुरे होतात, ते चांगलेच आहे. नाइटिंगेलबाईंचे खरे वैशिष्ट्य मात्र हातातला दिवा नव्हे. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी मृत्यूंची मोजदाद केली, तिच्या आधारे घाण, गर्दी आणि बंद हवा यांविरुद्ध सरकारला सतावून सोडले आणि १८६० साली परिचारिकांची शाळा काढली. तक्रार कशी करावी हे या व्यवसायाच्या आद्य स्त्रीनेच शिकवले आहे.

आपल्या मंडळाने यंदा एक करावे अशी माझी सूचना आहे. दोघी-तिघींनी मिळून जवळच्या एखाद्या उपकेंद्रात जावे. तेथील नर्सबाईंचे कौतुक तर करावेच. पण त्यांच्या खोलीला कडी आहे का, शौचालय आहे का, दिवा लागतो का, रात्री सोबतीला कोणी येते का, हेही पाहावे. जे नसेल त्याचा अर्ज मंडळाच्या कागदावर जिल्हा परिषदेकडे करावा, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये. एकट्या बाईचा अर्ज फायलीत पडून राहतो. मंडळातल्या शंभर बायकांची सही असलेला अर्ज असा पडू देणे कोणत्याही कचेरीला सोपे जाणार नाही.