‘आम्ही’ या कादंबरीची पूर्वपीठिका

येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकानें १९२०-२१ मध्यें लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी म्हणजे केवळ सोव्हिएट राजवटीवरील टीका होय, असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु तिचें बीज इंग्लंडांत रुजलें होतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

झाम्यातिन हा जहाजबांधणीचा इंजिनियर. बोल्शेव्हिक पक्षाचें कार्य केल्यामुळें १९०५ सालीं झारच्या सरकारनें त्याला तुरुंगांत टाकलें. पुढें १९१६ मध्यें बर्फ फोडणारीं जहाजें बांधून घेण्यासाठीं त्याला न्यूकॅसलला पाठविण्यांत आलें. तेथील आंखीव जीवनक्रमावर त्यानें ‘द्वीपवासी’ ही कथा लिहिली. तींतील धर्मोपदेशक जेवण, दानधर्म, किंबहुना पश्चात्ताप यांचेंही वेळापत्रक करतो!

१९१७ मध्यें तो स्वदेशीं परतला, तों लौकरच सत्ता बोल्शेव्हिकांच्या हातीं आली. मजुराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणाऱ्या अमेरिकन टेलरची पद्धति उपयोगांत आणावी, असें लेनिननें १९१८ मध्यें प्रतिपादिलें. धर्मोपदेशकाचें तें वेळापत्रक आतां राज्यसत्तेच्या हातीं जाणार, हें झाम्यातिननें ओळखलें. ‘आम्ही’मधील माणसांना नांवें नाहींत, क्रमांक आहेत, घरें कांचेचीं आहेत, आणि प्राचीनांपैकीं त्यांना पूज्य वाटणारा पुरुष टेलर हाच आहे.

पुस्तक प्रथम १९२४ मध्यें न्यूयॉर्कला इंग्रजींत निघालें. रशियांत तें छापलें जाण्यास १९८८ साल उजाडलें. १९२२ मध्यें नव्या सत्तेनेंही लेखकाला तुरुंग दाखविला. १९३७ मध्यें तो पॅरिस येथें निवर्तला. व्यवस्थेसाठीं मनुष्य, कीं मनुष्यासाठीं व्यवस्था, हा त्याचा प्रश्न कोणत्याही एका पक्षापुरता नव्हता.