शाहिराचा खटला आणि टीकाकारांचा निवाडा

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून उठलेल्या रॅपचें आज जगभर कौतुक होतें; पण यमकें जुळवीत सत्तेला जाब विचारण्याची ती रीत महाराष्ट्राला परकी नाहीं. सत्यशोधक जलशांनीं व पुढें आंबेडकरी जलशांनीं तेंच काम केलें. अशा गाण्यालाच आरोपी ठरविलें तर काय होतें, हें चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या अल्पखर्ची बोलपटानें २०१४ सालीं दाखविलें.

वासुदेव पवार नांवाचा सफाई कामगार मुंबईच्या गटारांत मरतो. नारायण कांबळे या शाहिराच्या गाण्यानें त्यास आत्महत्येस प्रवृत्त केलें, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो आणि तारखांमागून तारखा पडतात. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार व्यवसायानें नट नव्हते. वर्धा जिल्ह्यांत बालपण गेलेले आणि 'विद्रोही' नियतकालिकाचें संपादन करणारे ते कार्यकर्ते होते. गाण्यांस संगीत संभाजी भगत यांचें.

व्हेनिसच्या महोत्सवांत या बोलपटास दोन पारितोषिकें मिळालीं. २०१४ सालासाठींचें राष्ट्रीय सुवर्णकमळही लाभलें. ऑस्करसाठीं भारतातर्फें त्याचीच निवड झाली. टीकाकारांनीं स्थिर कॅमेरा, लांबलचक प्रसंग व नवख्या पात्रांचा सहजपणा वाखाणला. कित्येक प्रेक्षकांस मात्र तीच संथ गति कंटाळवाणी वाटली.

आमच्या मतें ही स्तुति आणि ही तक्रार, दोन्हीही कलेच्या उंबरठ्यावरच थांबतात. ती संथ गति कशासाठीं आहे, हें पवाराच्या विधवेची साक्ष ऐकतांना कळतें. नवरा दारू पीत असे, गटारांतील वायूनें त्याचा एक डोळा गेला होता; खडा टाकून झुरळ बाहेर आलें म्हणजे आंत हवा आहे, असें तो समजे. ती हें कसलाही आक्रोश न करतां सांगते. घाईच्या चित्रपटांत हे शब्द वाहून गेले असते. संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. तरी पडद्यावर पिंजऱ्यांत उभें राहतें तें गाणें, गटार नव्हे!

साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजीं नागपुरास कोरोनानें निवर्तले. त्यांच्या नांवापुढें पारितोषिकांची यादी मांडणें सोपें आहे. त्या झुरळाचें स्मरण ठेवणें हीच त्यांच्या भूमिकेस खरी दाद होय, असें आम्ही समजतों.