ॲटनबरो : गावाच्या नावातून आलेले दुर्मीळ आडनाव

‘गांधी’ (१९८२) या चित्रपटामुळे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचे नाव भारतात सर्वतोमुखी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड यांना निसर्गविषयक माहितीपटांनी जगभर ख्याती मिळवून दिली. या बंधूंमुळे परिचित झालेले हे आडनाव ब्रिटनमध्ये मात्र दुर्मीळ आहे.

त्याचे मूळ इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरालगत, ट्रेंट नदीकाठी वसलेल्या ॲटनबरो या गावात आहे. ‘ॲडा’ नावाच्या व्यक्तीची गढी, असा या ग्रामनामाचा अर्थ लावला जातो.

इ. स. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे प्रथम सरदार-जमीनदारांत आणि पुढील काही शतकांत सामान्यजनांत रूढ झाली. गाव सोडून परगावी स्थिरावलेला माणूस मूळ गावाच्या नावाने ओळखला जाई. मराठीतील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांची जातकुळी हीच. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. गावोगावच्या लोहारांनी ते स्वतंत्रपणे धारण केले. लहानशा गावाचे नाव घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे मात्र मोजकीच असत.

या तर्काला जनुकशास्त्राने पुष्टी दिली. आडनावाप्रमाणेच ‘वाय’ गुणसूत्रही पित्याकडून पुत्राकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या ॲटनबरोंपैकी दहातील जवळपास नऊ जणांचे ‘वाय’ गुणसूत्र एकाच प्रकारचे आढळले. म्हणजेच बहुतेकांचा मूळ पुरुष एकच असण्याची शक्यता बळावली. स्मिथ मंडळींत असे साम्य दिसले नाही. दत्तकविधान, विवाहबाह्य संतती वा नावबदल यांमुळे काही शाखा वेगळ्या पडतात.

दुर्मीळ आडनावांचे भवितव्य मात्र नाजूक असते. दोन-तीन पिढ्यांत पुत्रसंतती झाली नाही, तरी एखादे नाव कायमचे लोपते. तशी अनेक नावे नष्ट झाली असताना ॲटनबरो टिकले, यात योगायोगाचाही वाटा आहे.

विशेष म्हणजे हे संशोधन झालेल्या विद्यापीठाच्या पूर्वीच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद या बंधूंचे वडील फ्रेडरिक यांनी १९३२ ते १९५१ या काळात भूषविले होते. ॲटनबरो गावाजवळील निसर्ग अभयारण्याचे उद्घाटनही १९६६ मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांच्याच हस्ते झाले.