पंक्चररोधक सायकल टायरचा विकास आणि सरावासाठी टायरची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रोड बाईकवर नियमित सराव करणाऱ्या सायकलस्वारापुढे टायर निवडताना एक जुनाच पेच उभा असतो. हलका व वेगवान टायर लवकर झिजतो आणि काट्याखिळ्यांपुढे टिकत नाही. टिकाऊ टायर जड असतो आणि पायांकडून अधिक श्रम मागतो. या पेचाचे उत्तर सामान्यतः किंमत व जाहिरात यांच्या आधारे शोधले जाते. वस्तुतः त्याची उकल टायरच्या इतिहासात सापडते. वाटेत पंक्चर झाल्यास दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नाच्या उत्तरानुसार टायरची घडण बदलत गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

भरीव रबराकडून हवेच्या टायरकडे

१८६० च्या दशकातील फ्रेंच सायकलींची चाके लाकडी असून त्यांवर बैलगाडीच्या चाकाप्रमाणे लोखंडी धाव असे. पुढे तिची जागा भरीव रबराने घेतली. रबराचे गंधकाशी संस्करण करून ते टिकाऊ बनविण्याच्या प्रक्रियेची एकस्वे (पेटंट) १८४४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना व इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांना मिळाली होती. त्यामुळेच हे शक्य झाले. भरीव टायर पंक्चर होत नसे. मात्र रस्त्याचा प्रत्येक धक्का स्वाराच्या अंगात उतरत असे.

हवेने भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच मांडली होती; परंतु ती व्यवहारात रुजली नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी १८८७ मध्ये असाच प्रयोग केला व १८८८ मध्ये एकस्व घेतले. थॉमसन यांचा अग्रहक्क उघड झाल्यावर हे एकस्व रद्द ठरले. तथापि १८८९ मध्ये विली ह्यूम यांनी बेलफास्टच्या शर्यतींत या टायरवर विजय मिळविले आणि भरीव टायरचे दिवस संपत आले. हवेने वेग व आराम दिला. त्याचबरोबर पंक्चर ही नवी अडचणही दिली.

दुरुस्तीची सुलभता

डनलॉप यांचा टायर रिमला कापडाने व गोंदाने पक्का चिकटविलेला असे. पंक्चर काढण्यासाठी सर्व आवरण सोलावे लागे आणि गोंद वाळण्याची वाट पाहावी लागे. ही अडचण ओळखून फ्रान्समधील क्लेर्मां-फेराँ येथील मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये रिमपासून सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी सुमारे १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही पहिली शर्यत शार्ल तेराँ यांनी या टायरवर जिंकली. १८९२ मध्ये मिशेलिन यांनी पॅरिस-क्लेर्मां शर्यत भरविली. दुरुस्ती किती सोपी झाली आहे हे दाखविण्यासाठी त्या वाटेवर मुद्दाम खिळे पसरले गेल्याचे सांगितले जाते. पंक्चर टाळणे अद्याप साध्य नव्हते. ते लवकर काढता येणे हीच त्या काळातील प्रगती होती.

शर्यत आणि सराव यांची फारकत

१९०३ मध्ये सुरू झालेल्या तूर द फ्रान्स शर्यतीच्या आरंभीच्या नियमांनुसार दुरुस्ती स्वारानेच करावयाची होती. १९१३ मध्ये युजीन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढील चिमटा मोडला. ते सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरले व गावातील लोहाराच्या भट्टीवर त्यांनी तो स्वतः सांधला. भट्टीचा भाता एका मुलाने चालविला, एवढ्यावरून त्यांना दंड झाला. अशा काळात शर्यतपटू सुटे टायर खांद्यांभोवती गुंडाळूनच निघत.

पुढील दशकांत हे नियम सैल झाले. पथकाची मोटार सुटे चाक घेऊन मागे येऊ लागली. परिणामी शर्यतीचा टायर अधिकाधिक पातळ व नाजूक होत गेला, कारण त्याच्या नाजूकपणाची किंमत स्वाराला एकट्याने मोजावी लागत नव्हती. सराव करणाऱ्याच्या मागे मात्र मोटार नसते. शर्यतीचा टायर पाहून सरावाचा टायर निवडणे चुकीचे ठरते ते यामुळेच.

टिकाऊपणाची साधने

टायरच्या आतील सांगाडा धाग्यांचा असतो. बारीक धाग्यांची दाट वीण टायरला लवचिक व वेगवान बनविते, तर जाड धाग्यांचा सांगाडा घासणे व कापणे अधिक सहन करतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रबरात कार्बन ब्लॅक मिसळले जाऊ लागले. त्यामुळे झीज कमी झाली व टायरला काळा रंग आला. १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी केव्हलार या तंतूचा शोध लावला, तोही मोटारींच्या टायरसाठी हलका व मजबूत धागा शोधत असताना. अशा तंतूंचा पट्टा सायकल टायरच्या पृष्ठभागाखाली बसविण्याची पद्धत नंतर रूढ झाली.

आज तीन प्रकारचे उपाय दिसतात : जाड पृष्ठभाग, दाट विणीचा पट्टा आणि जाड लवचिक थर. काँटिनेंटल कंपनीच्या गेटरस्किन टायरमध्ये पट्ट्यासोबत बाजूंनाही संरक्षक जाळी असते. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो. यांपैकी प्रत्येक उपाय वजन किंवा घर्षण वाढवितो. विनामूल्य संरक्षण कोणताच टायर देत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता शर्यत राहिलेली नाही. ती दर चार वर्षांनी होणारी दीर्घपल्ल्याची सायकलस्वारी आहे. तिच्या पात्रतेसाठीच्या २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या स्वाऱ्या पुणे-मुंबई परिसरातही होतात. या स्वाऱ्यांत नियंत्रण केंद्राबाहेर मदत घेता येत नाही, म्हणजे १९१३ चा दंडक येथे मोठ्या प्रमाणात जिवंत आहे. पठारावरील बाभळीचे काटे, महामार्गाच्या कडेला पडलेल्या ट्रकच्या टायरमधील बारीक तारा आणि पावसाळ्यातील खड्डे हे येथील मुख्य धोके होत. काटा व तार यांवर पट्टा किंवा जाड थर उपयोगी पडतो. परंतु खड्ड्यात टायर रिमवर आपटून ट्यूब चिमटली जाते, तेथे पट्टा निरुपयोगी ठरतो. त्यावर रुंद टायर आणि योग्य दाब हाच उपाय आहे. २०१० च्या दशकात रोड बाईकचे टायर २३ वरून २५ व २८ मिलिमीटरपर्यंत रुंदावले, हे या दृष्टीने उपकारक ठरले.

निष्कर्ष

१. पंक्चर ही हवेच्या टायरने दिलेल्या आरामाची किंमत असून ती पूर्णतः टाळता आलेली नाही.

२. जेथे दुरुस्ती इतरांकडे गेली तेथे टायर नाजूक झाला. जेथे ती स्वाराकडे राहिली तेथे टिकाऊपणाला महत्त्व आले.

३. सरावासाठी पट्टा असलेला, बाजू मजबूत असलेला व सायकलच्या चौकटीत मावेल इतका रुंद टायर निवडणे इष्ट होय. त्यामुळे वेगात होणारी घट सरावात हानिकारक नसते.

४. कोणताही टायर घेतला तरी सुटी ट्यूब, ठिगळे व पंप सोबत बाळगणे आवश्यक आहे. रात्रीच्या निर्जन रस्त्यावर दुरुस्तीचे काम अखेर स्वाराच्याच हाती असते.