विंचवाचं बिऱ्हाड, वाळवंटातला हिवाळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांनी ऐकलाय त्यांनीही एकदा नजर टाका, कारण बोलण्याच्या नादात राहून गेलेले एक-दोन मुद्दे इथे घातलेत.

आजचा विषय वरवर एकदम चिल वाटतो. अमेरिकेत दर हिवाळ्यात असंख्य म्हातारी माणसं घर चाकांवर घेऊन वाळवंटात जाऊन राहतात. उत्तरेत बर्फ पडायला लागला की दक्षिणेकडे उडणारे पक्षी, म्हणून त्यांना म्हणतात ‘स्नोबर्ड’. पण मी याचा इतिहास वाचायला घेतला आणि मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसला. गाडीत राहणाऱ्या माणसाला ‘पर्यटक’ कधी म्हणायचं आणि ‘भटक्या’ कधी? आणि हे ठरवतं कोण?

थडग्यावरचा उंट

सुरुवात करूया क्वार्ट्झसाइटपासून. ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ हे गाव आहे. २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती जेमतेम २,४००. इथल्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर चक्क धातूचा उंट. खाली जो माणूस आहे त्याला गावकरी म्हणायचे ‘हाय जॉली’. खरं नाव हाजी अली. (मुंबईकरांनो, आपल्या दर्ग्याशी याचा काही संबंध नाही!)

झालं असं, की १८५५मध्ये अमेरिकन संसदेने लष्करासाठी उंट आणायला ३०,००० डॉलर मंजूर केले. वाळवंटात सामान वाहायला घोडे आणि खेचरं पुरी पडत नव्हती. १८५६मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ३४ उंट उतरले आणि त्यांना हाकायला जी माणसं आली, त्यात हा हाजी अली होता. उंटांनी काम चोख केलं. पण १८६१मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि सगळी योजनाच बारगळली. उंट लिलावात गेले, काही रानात सुटले. हाजी अली मात्र तिथेच राहिला. कधी लष्करासाठी काम केलं, कधी सोनं शोधत फिरला आणि १९०२मध्ये क्वार्ट्झसाइटमध्ये वारला. पिरॅमिड बांधला तो १९३५मध्ये, राज्याच्या हायवे खात्याने.

ज्या गावाची सगळ्यात प्रसिद्ध खूण एका परदेशी, फिरस्त्या माणसाचं थडगं आहे, त्या गावाचं आजचं पोट फिरस्त्यांवरच चालतं. उन्हाळ्यात इथे पारा ४५च्या वर जातो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हिवाळ्यात दिवसा छान विशीतलं तापमान, कोरडी हवा, स्वच्छ ऊन. १९६७मध्ये गावकऱ्यांनी रंगीत दगड आणि खनिजांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. ते इतकं वाढलं, की आता जानेवारी-फेब्रुवारीत गावाभोवतीचं वाळवंट गाड्यांनी पांढरं दिसतं. हंगामभरात येणाऱ्यांचा आकडा लाखांत सांगितला जातो.

ज्याच्या खिशात पैसे, तो पर्यटक

हवा बदलायला इथे येण्याची पद्धत जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर क्षयाच्या पेशंटना कोरड्या हवेत जायला सांगायचे, आणि पेशंट ॲरिझोनात यायचे. ऐपत असलेले सॅनेटोरियममध्ये आणि नसलेले फीनिक्स, टूसॉन या शहरांच्या कडेला तंबूत.

मग मोटारी आल्या. १९१९मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात गाडीतून फिरून गाडीपाशीच मुक्काम करणाऱ्यांनी एक क्लब काढला, ‘टिन कॅन टुरिस्ट्स’. रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन पत्र्याचा रिकामा डबा बसवायचा, ही मेंबरशिपची खूण. पेपरवाल्यांना याचं कौतुक होतं. गाडीत राहणं म्हणजे मजा, स्वातंत्र्य वगैरे.

आता पुढे या १९३०च्या दशकात. महामंदी आहे, ओक्लाहोमा-टेक्सासकडच्या शेतांमधली माती वादळांनी उडून गेली आहे. हजारो शेतकरी कुटुंबं खटारा गाड्यांवर गाद्या, भांडी, पोरं लादून ॲरिझोनामार्गे कॅलिफोर्नियाकडे निघाली आहेत. तीही गाडीतच राहतात, गाडीतच जेवतात. पण त्यांना कोणी टुरिस्ट म्हणत नाही. फेब्रुवारी १९३६मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने आपल्या शहराचे १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. शहराच्या पोलिसांचा राज्याच्या सीमेशी संबंध काय? काहीच नाही. तरी त्यांनी गाड्या थांबवल्या आणि ज्यांच्याकडे पैसे किंवा कामाची हमी नाही त्यांना परत फिरवलं. आपल्याच देशात! हा प्रकार काही आठवडे चालला आणि टीका व्हायला लागल्यावर थांबला.

कायदाही तसाच होता. बाहेरच्या गरीब माणसाला कॅलिफोर्नियात आणणं हा गुन्हा होता. फ्रेड एडवर्ड्स नावाचा एक माणूस टेक्सासला गेला आणि बायकोच्या बेकार भावाला, फ्रँक डंकनला, स्वतःच्या गाडीत घालून घरी घेऊन आला. निघताना डंकनकडे साधारण २० डॉलर होते, पोचेपर्यंत तेही संपले. मेव्हण्याला घरी आणलं म्हणून एडवर्ड्सला सहा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली, फक्त तिची अंमलबजावणी तहकूब ठेवली. केस सुप्रीम कोर्टात गेली. २४ नोव्हेंबर १९४१ला कोर्टाने हा कायदा एकमताने रद्द केला. माणूस गरीब आहे एवढ्यावरून राज्याला त्याची वाट अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

तेरा दिवसांनी

या निकालानंतर बरोबर तेरा दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि या वाळवंटाचं रूपच पालटलं.

फेब्रुवारी १९४२मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. क्वार्ट्झसाइटच्या उत्तरेला साधारण ५५ किलोमीटरवर पार्कर नावाचं गाव आहे, त्याच्या दक्षिणेला पोस्टन इथे अशी एक छावणी उभी राहिली. ती जमीन कोलोरॅडो नदीकाठच्या मूळनिवासी जमातींची राखीव जमीन होती. त्यांच्या कौन्सिलचा विरोध होता, पण विचारतो कोण! एका वेळी १७,०००हून जास्त माणसं तिथे होती. त्यांनी या वाळवंटात तीन हिवाळे काढले आणि उन्हाळेही. लाकडी बराकींमध्ये, स्वतःच्या मर्जीविरुद्ध.

त्याच वर्षी पलीकडे कॅलिफोर्नियात, साल्टन सी या खाऱ्या तलावाजवळ, नौदलाच्या मरीन सैनिकांसाठी ‘कॅम्प डनलॅप’ हा तळ बांधला गेला. युद्ध संपलं, पुढे इमारती पाडल्या, सामान नेलं. मागे उरली काँक्रीटची जोती. ती बघून लोकांनी आपल्या गाड्या त्यांच्यावर लावायला सुरुवात केली, आणि या काँक्रीटच्या स्लॅबवरूनच वस्तीचं नाव पडलं ‘स्लॅब सिटी’. तिथे नळ नाही, सरकारी वीज नाही, गटार नाही आणि भाडंही नाही. जमीन कॅलिफोर्निया राज्याच्या मालकीची. हिवाळ्यापुरते येणारे येतात आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच जायला जागा नाही ते ४५ डिग्रीतही तिथेच राहतात.

पेन्शन, हायवे, मोटरहोम

युद्धानंतर तीन गोष्टी जुळून आल्या. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यामुळे निवृत्तांना १९४०पासून दरमहा पैसे मिळायला लागले होते. १९५६मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि देशभर रुंद रस्ते आले. त्यातला एक, इंटरस्टेट १०, क्वार्ट्झसाइटला लागूनच जातो. आणि १९६६मध्ये आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीने कारखान्यात मोटरहोम बनवायला सुरुवात केली. तोवर ही श्रीमंतांची हौस होती, आता ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

म्हणजे इन्कम, रस्ता आणि घर, तिन्ही एकाच पिढीच्या हाती आलं. स्नोबर्डचा जन्म हा असा झाला. नुसत्या उन्हाच्या ओढीने नाही.

चौदा दिवस

अमेरिकेच्या पश्चिम भागातली प्रचंड जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिचा मोठा हिस्सा ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे खातं सांभाळतं. साधा नियम असा: एका जागी १४ दिवस फुकट राहा, मग मुक्काम हलवा. बऱ्याच ठिकाणी किमान ४० किलोमीटर दूर जायचं.

पण हिवाळ्यात गाड्या इतक्या वाढल्या, की १९८३मध्ये खात्याने ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात दीर्घ मुक्कामाची ठरावीक क्षेत्रं आखून दिली. क्वार्ट्झसाइटजवळचं ‘ला पोसा’ साधारण साडेअकरा हजार एकरांचं आहे. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. कित्येक वर्षं याची फी होती १८० डॉलर, अख्ख्या हंगामाची! महिन्याला हिशोब केला तर २६ डॉलरच्या आसपास. फीनिक्समध्ये तेवढ्यात दोघांचं धड जेवणही होत नाही.

कंपनीच्या प्रोजेक्टमुळे मी एक हिवाळा फीनिक्सजवळ काढला, तेव्हा एका शनिवारी मित्राबरोबर तिथे गेलो होतो. दोनशे किलोमीटर सरळ रस्ता. सत्तरीच्या एक आजी गाडीच्या टपावरचं सोलर पॅनेल पुसत होत्या. मूळच्या मिनेसोटाच्या, शाळेत नोकरी केलेली. आम्ही इंजिनिअर आहोत म्हटल्यावर त्यांनी सगळी सिस्टीम समजावून सांगितली. तीन टाक्या असतात: एक पिण्याच्या पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी संडासची. “तरुणांना वाटतं वीज संपेल,” त्या म्हणाल्या. “वीज नाही संपत. तिसरी टाकी भरते!”

मी विचारलं, “तुमचं घर कुठे आहे?”

त्यांनी गाडीवर थाप मारली.

“आणि पत्ता?”

“तो साउथ डकोटात आहे. वर्षातून एकदा त्याला भेटायला जाते.”

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. (तिथे खरे विंचूही आहेत, बूट झटकूनच घालायचे.)

पत्ता मँडेटरी आहे

त्यांचं ते वाक्य आम्हाला गंमत वाटलं, पण त्यामागे मोठी भानगड आहे. मी पोटापाण्यासाठी जे फॉर्म बनवतो, त्यात पत्त्याच्या रकान्यापुढे लाल चांदणी असते. तो भरल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण चालूच होत नाही. अमेरिकेतही लायसन्स, विमा, बँक, मतदान, सगळं पत्त्यावर. म्हणून कायमचे गाडीत राहणारे बरेच लोक साउथ डकोटात रहिवासी म्हणून नोंद करतात. तिथे टपाल सांभाळणाऱ्या कंपनीचा पत्ता आणि राज्यात एक रात्र राहिल्याची पावती, एवढ्यावर लायसन्स मिळू शकतं. शिवाय त्या राज्यात इन्कम टॅक्स नाही.

२००८च्या मंदीनंतर या वाळवंटात येणाऱ्यांमध्ये एक नवा गट ठळक दिसायला लागला. घराचे हप्ते थकलेले, नोकरी गेलेली, नुसत्या पेन्शनवर भाडं न परवडणारी माणसं. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची राखण, शरद ऋतूत बीट काढणी, दिवाळीनंतरच्या सुमारास ॲमेझॉनच्या गोदामात हंगामी काम आणि मग हिवाळ्यात क्वार्ट्झसाइट, असं तेव्हा त्यांचं वर्ष असायचं. पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी यावर २०१७मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. क्लोई झाओच्या त्यावरच्या सिनेमाला २०२१मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात या वाळवंटातली काही खरी माणसंच कामं करताना दिसतात.

ला पोसामध्ये मोठ्या मोटरहोमशेजारी जुनी व्हॅन उभी असते. दोघांकडे तोच परवाना, दोघांना तेच ऊन. फरक १५ एप्रिलनंतर कळतो. एक जण आपल्या मिशिगनच्या बंगल्यात परत जातो. दुसरा एखाद्या शहरात रात्री गाडी कुठे लावता येईल ते शोधत फिरतो. आणि तिथे पोलिसांनी काचेवर टकटक केली, की तोच माणूस, त्याच गाडीत, पर्यटकाचा बेघर होतो.

२८ जून २०२४ला सुप्रीम कोर्टाने ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की सार्वजनिक जागी मुक्काम ठोकून झोपण्यावर शहरं बंदी घालू शकतात. झोपायला दुसरी जागा नसली तरीही. १९४१ला कोर्ट म्हणालं होतं, गरिबाला राज्यात यायला अडवू नका. आता चित्र असं आहे, की या खुशाल, फक्त रात्री डोळे मिटू नका.

म्हणून मला १९८३चा तो सरकारी परवाना इतका इंटरेस्टिंग वाटतो. त्यात कोणी दयाबुद्धी वगैरे दाखवली नव्हती. वाळवंटाची नासधूस थांबवायची होती, एवढंच. पण जागा आखून दिली, फी ठरवली, पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोय केली आणि तुमच्याकडे बंगला आहे का हे विचारलं नाही. सात महिने का होईना, तिथे गाडीत राहणाऱ्या माणसाला ‘तू इथे का?’ असं कोणी विचारत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये त्या रानात सुटलेल्या उंटांचं पुढे काय झालं ते सांगतो, त्यात भुताची एक गोष्टही आहे. तोपर्यंत ऐकत राहा आणि ज्याला लाँग ड्राइव्हचं वेड आहे अशा एका मित्राला हा एपिसोड पाठवा.