जुन्या साठ्यातली चिप नव्या उपकरणात चालते का? समजून घ्या

२००२ मध्ये नासा जुन्या चिप शोधत थेट ई-बेवर पोहोचली होती. स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटची तपासणी करणाऱ्या यंत्रणेत इंटेलची ८०८६ ही १९७८ मध्ये आलेली चिप होती. यंत्रणा चालू होती, पण सुटे भाग मिळत नव्हते.

हीच अडचण आज अनेक कारखान्यांना येते. मशीन २०-२५ वर्षं चालतं, पण त्यातल्या चिपचं उत्पादन त्याआधीच बंद होतं. मग जुना साठा शोधावा लागतो.

जुना साठा म्हणजे वापरलेला माल का?

नाही. हे पार्ट तयार झाले, पण कधी वापरलेच गेले नाहीत. ते वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिले.

पार्ट किती जुना आहे, हे कसं कळतं?

बहुतेक चिपवर चार आकडी डेट कोड असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे १८२३ असेल तर २०१८ चा २३ वा आठवडा.

पडून राहिल्याने काय बिघडतं?

चिपच्या आतलं सिलिकॉन नीट ठेवलं तर सहसा टिकतं. त्रास इतर ठिकाणी होतो:

- पाय: धातूच्या पायांवर ऑक्साइड चढतं आणि सोल्डर नीट धरत नाही.
- ओलावा: चिपचं प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं. सोल्डरिंगच्या भट्टीत तापमान २५० अंशांच्या आसपास जातं. तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होते आणि चिपला तडा जातो. याला 'पॉपकॉर्निंग' म्हणतात. त्यामुळे अशा चिप आधी ओव्हनमध्ये सुकवतात.
- इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर: आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर तापून फुटू शकतो. म्हणून व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात.

मग सर्वात मोठा धोका कोणता?

बनावट माल. ई-कचऱ्यातून काढलेल्या चिप घासून, नवा कोड छापून 'नवीन' म्हणून विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात संरक्षण सामग्रीच्या पुरवठ्यात अशा संशयास्पद पार्टची सुमारे १,८०० प्रकरणं नोंदवली. त्यातल्या पार्टची संख्या १० लाखांहून जास्त होती. चिप पहिल्या चाचणीत पास होते आणि महिन्याभराने बंद पडते, तेव्हा फटका वापरणाऱ्याला बसतो.

कायद्याचं काय?

युरोपमध्ये १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर मर्यादा आहे. भारतातही ई-कचरा नियमांत ती आहे. त्याआधीच्या पार्टच्या पायांवर शिशाचा मुलामा असू शकतो. असा पार्ट चांगला चालत असला, तरी अपवाद सोडले तर नव्या उत्पादनात वापरता येत नाही.

घेण्याआधी काय तपासाल?

- माल कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून आला आहे का? खरेदीची कागदपत्रं आहेत का?
- पाकीट सीलबंद आहे का? आतलं ओलावा दाखवणारं कार्ड काय सांगतं?
- एकाच रीळमध्ये वेगवेगळे डेट कोड, घासल्याच्या खुणा किंवा पुसट छपाई दिसते का?
- आधी थोडे नग घेऊन सोल्डरिंग आणि चाचणी केली का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर छंदासाठी एखादी जुनी चिप घेतली आणि ती बंद निघाली, तर थोडे पैसे वाया जातील. पण तीच व्हेंटिलेटरमध्ये बसणार असेल, तर ती कुठून आली, हे कागदावर दाखवता आलंच पाहिजे.