युद्धकाळांतील नभोवाणी : स्टॅलिनग्राडची वार्ता

नभोवाणीच्या लहरींना देशाची सीमा अडवीत नाहीं. ज्या वाटेनें सरकारचें म्हणणें घराघरांत पोहोंचतें, त्याच वाटेनें शत्रूचा शब्दहि आंत येतो. जर्मनीच्या नाझी राज्यकर्त्यांना ही अडचण पक्की ठाऊक होती. प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या प्रेरणेनें १९३३ सालीं ७६ मार्क किंमतीचा ‘लोकांचा रेडिओ’ बाजारांत आला व लवकरच सामान्यांच्या घरीं दिसूं लागला. पुढें १ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्धास तोंड लागतांच, परदेशी केंद्रें ऐकणें हा गुन्हा ठरला. ऐकलेलें इतरांस सांगणाऱ्यास प्रसंगीं देहान्ताची शिक्षाहि होऊं शके. या कायद्याची आठवण देणारी चिठ्ठी रेडिओच्या बटणालाच लटकूं लागली.

या बंदोबस्ताची खरी कसोटी स्टॅलिनग्राडला लागली. नोव्हेंबर १९४२ मध्यें जर्मनांचें सहावें सैन्य तेथें वेढलें गेलें. परंतु ही गोष्ट जनतेपासून कित्येक आठवडे झांकून ठेवण्यांत आली. ३१ जानेवारी १९४३ रोजीं सेनापति पौलुस रशियनांच्या हातीं सांपडला आणि २ फेब्रुवारीस उरलेल्या तुकड्यांनींहि शस्त्रें खालीं ठेविलीं. दुसऱ्या दिवशीं जर्मन नभोवाणीवर ढोलांचे गंभीर ठोके पडले, बीथोव्हेनचें संगीत झालें आणि सैन्यानें अखेरपर्यंत लढून देह ठेविल्याचें जाहीर झालें. नाटकगृहें तीन दिवस बंद राहिलीं. शरणागतीचा मात्र उच्चारहि झाला नाहीं.

वस्तुतः सुमारें ९१,००० सैनिक कैदेंत जिवंत होते. मॉस्कोचें केंद्र जर्मन भाषेंतून कैद्यांचीं नांवें वाचून दाखवी. ज्या मातेस पुत्र धारातीर्थीं पडल्याचें सुचविण्यांत आलें होतें, ती रात्रीं खिडक्या लावून, आवाज बारीक करून, तुरुंगाचें भय पत्करून शत्रूचें केंद्र ऐकूं लागली. कोणी एखादें नांव ऐकलें, तर त्या अनोळखी कुटुंबास निनावी पत्रानें कळवी. त्या कैद्यांपैकीं पुढें सुमारें सहा हजारच मायदेशीं परतले.

याच्या वर्षभर आधीं, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, सिंगापूर पडल्याची दुःखद वार्ता ब्रिटनचे मुख्य प्रधान चर्चिल यांनीं स्वतः नभोवाणीवरून सांगितली होती. वार्तांवर नियंत्रण तेथेंहि होतेंच. परंतु शत्रूचें केंद्र ऐकणें हा तेथें गुन्हा नव्हता.

वार्ता कांहीं काळ दडवितां येते. पण आपलें माणूस जिवंत आहे कीं नाहीं, हें जाणण्याची ओढ कोणत्याहि कायद्यानें बांधतां येत नाहीं. ती ओढ न ओळखणाऱ्या सरकारनें आपले श्रोते आपल्याच हातांनीं शत्रूच्या केंद्राकडे धाडले.